एकोणीस मात्रा

"काका, परत वाजलं."

ऑस्करनं हात वर केला आणि आम्ही चौघंही थांबलो. दोन व्हायोलिनवाले, एक चेलोवाली आणि मी पेटीवाला.

"काय वाजलं? मी कुठं काय वाजवलं?"

"तुम्ही नाही. तुमच्या उजव्या हातानं."

चेलोवाली झरीन तोंडावर हात ठेवून हसली. मी हाताकडे पाहिलं. लेकाचा अजून पट्ट्यांवरच होता, दुधाच्या पातेल्याशी सापडलेल्या मांजरासारखा.

"सॉरी," मी म्हटलं. "सवय आहे रे."

"आज सातव्यांदा सॉरी."

"मोजतोस काय? मोजायचं काम तुझं की माझं?"

"तुमचंच, काका. एकोणीसपर्यंत मोजायचं आणि गप्प बसायचं. एवढंच तर मागतोय."

नऊ वर्षं झाली ह्या गोष्टीला. मी तेव्हा त्रेसष्टचा होतो. ऑस्कर तुस्कानो वसईचा, चाळिशीचा, जर्मनीत सात वर्षं संगीत शिकून आलेला. ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत, दळणाच्या गिरणीच्या वर खोली घेऊन राहायचा आणि पोरांना पियानो शिकवायचा. त्या गल्लीवर त्यानं एक रचना लिहिली होती, अर्ध्या तासाची. नाव 'पाऊण ते दोन'. नाव ऐकून मला वाटलं रेशनच्या दुकानाची वेळ असावी. त्यात ना गाणं, ना तबला. हातगाडीची चाकं होती, कुकर होता, जिन्यातल्या चपला होत्या, पण कुठलाच आवाज सरळ ओळखू यायचा नाही. सगळं संथ, सगळं दुरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "झोप येते रे ह्यानं." तो खूश होऊन म्हणाला, "येतेच. दुपार आहे ना."

त्याला पेटीच हवी होती. म्हणाला, ह्या गल्लीत कुठल्या ना कुठल्या घरातून रोज पेटी ऐकू येते, तिच्याशिवाय हे शहर पुरं होत नाही. माझ्यासाठी त्यानं सगळं सारेगममध्ये लिहून दिलं होतं. वाजवायला काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते न वाजवायला.

रचनेच्या मध्यावर सगळं थांबायचं. एकोणीस मात्रा कुणी काही वाजवायचं नाही. आणि मग पहिला मी, एकट्यानं, चार सूर. मी पाचव्या-सहाव्या मात्रेला पोचलो की हात निघायचाच.

आता आमच्या कामाबद्दल सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी दया येईल. गवयाची साथ म्हणजे काय? तो पुढं, आपण मागं. तो गातो तेव्हा बोटांनी त्याच्या मागून जायचं, आणि तो थांबला, श्वास घेतला, पाण्याचा घोट घेतला, की ती मोकळी जागा आपण भरायची. त्यानं आत्ताच गायलेलं थोडक्यात वाजवून द्यायचं. ऐकणाऱ्याला भोक दिसता कामा नये. पस्तीस वर्षं मी भोकं बुजवली. गवई खूश असायचे. 'गद्रे मागे असले की धाप लागली तरी कळत नाही,' असं भर मैफलीत म्हणायचे.

मंचावरून उतरल्यावर तरी हे थांबावं ना? छे! नलिनी, माझी बायको, म्हणायची, "अहो, समोरच्याचं वाक्य त्याला तरी संपवू द्या."

"संपलंच होतं की," मी म्हणायचो.

ती लग्नाआधी गायची. चांगली गायची. पेटीवरचं कापड झटकताना मधूनच म्हणायची, "एकदा माझ्या मागे बसा ना." मी म्हणायचो, "बसू की. ह्या रविवारी." आणि रविवारी माझा कुठंतरी कार्यक्रम असायचा. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मी ज्याच्या मागे बसलो नाही असा गाणारा माणूस एकच, आणि तो माझ्या घरात होता.

ती गेली तेव्हा मी इंदूरला होतो. डॉक्टर म्हणाले होते, अजून महिनाभर तरी काळजी नाही. मी तिला विचारून गेलो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "जा." मी तेवढं 'जा' ऐकलं आणि पेटी उचलली. तिसऱ्या दिवशी पहाटे आमची मुलगी चारू हिचा फोन आला. शेवटी तीच होती आईपाशी.

तेरावा झाला आणि चारू बडोद्याला नोकरीवर परत निघाली. बॅग घेऊन दारात उभी राहिली, हातात फोन. दोनदा खाकरली. लहानपणापासून तिची सवय आहे, काही जड सांगायचं असलं की आधी दोनदा खाकरणार. शाळेत नापास झाली तेव्हा खाकरली होती, लग्न करायचं नाही म्हणाली तेव्हाही.

"बाबा, आईनं..." म्हणाली आणि थांबली.

आणि मी काय केलं? जागा भरली.

"हो गं, आईनं सगळं नीट लावून ठेवलंय. डब्यांवर चिठ्ठ्यासुद्धा आहेत. माझी काळजी नको करूस. रिक्षा थांबलीय खाली, गाडी चुकेल बघ तुझी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरली.

त्यानंतर दोन वर्षं ती ठाण्याला आली नाही. दर रविवारी मी फोन करायचो. उचलायची. "बोला," म्हणायची. मी बोलायचो, पाणी कधी येतं, शेजारच्यांनी कुत्रा आणलाय, मेथी किती महागलीय. पाच मिनिटांनी ती म्हणायची, "बरं, ठेवते." 'बाबा' म्हणून हाक नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. आणि मी एकटा बसलो की ते वाक्य पुरं करायला बघायचो. आईनं काय? आईनं दोष दिला? आईनं वाट पाहिली? एखाद्याचं वाक्य मला पुरं करता आलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

तर त्या दिवशी, सातव्या सॉरीनंतर, ऑस्करनं बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि मला म्हणाला, "काका, पेटी मिटा आणि बसा जरा. पावणेदोन होतायत."

"मग?"

"बसा तर."

आम्ही बसलो. तो काही बोलेना. मी म्हटलं, "ऊन काय पडलंय नाही?" त्यानं ओठांवर बोट ठेवलं. असाच थोडा वेळ गेला, आणि खाली गिरणीवाल्या खिमजीभाईंनी खटका पाडला.

काय सांगू तुम्हाला! कानातला कापूस कुणी काढावा तसं झालं. सकाळपासून ती गिरणी आमच्या पायाखाली घरघरत होती, आणि मी, एवढा सुराचा माणूस, मला तिचा पत्ताच नव्हता. आता ती बंद पडली आणि सगळी गल्ली एकदम मोकळी झाली. एक कबुतर नाही, एक हॉर्न नाही. मग कुठल्यातरी स्वयंपाकघरात चमचा पडला.

"खटक्यापासून चमच्यापर्यंत एकोणीस," ऑस्कर म्हणाला. "आज बरोब्बर आल्या."

"गिरणी पांढरी पाचच्या सुरात आहे," मी म्हटलं. "किंचित चढी."

"म्हणून झरीन सुरुवातीपासून तोच सूर धरून बसते. सकाळपासून ऐकू येत होती तुम्हाला?"

"नाही रे."

"आणि आत्ता?"

मी विचार केला. "आत्ता ती नाहीये, हे ऐकू येतंय."

ऑस्कर इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बस! तीन वर्षं घालवली मी हे एवढं वाक्य लिहायला. तुम्ही बसल्या जागी बोललात."

"मग त्यात भरायचं काही नाहीच?"

"नाही. ज्याचं जे बंद पडलंय, ते त्याला तिथं ऐकू येणार. माझं वेगळं, तुमचं वेगळं. आपण वाजवलं तर त्याला आपलंच ऐकावं लागेल." मग म्हणाला, "कुठंही चुका काका, बेसूर व्हा, चालेल. पण तेवढ्या एकोणीस द्या मला."

मी त्याला शब्द दिला.

त्या रविवारी चारूला फोन लावला. पाणी नाही, कुत्रा नाही, मेथी नाही. एकदम म्हटलं, "पुढच्या रविवारी दुपारी चारला माझा कार्यक्रम आहे. वाचनालयाच्या हॉलमध्ये. कुणाच्या मागे नाही बसणार मी, चौघांत एक आहे. येशील?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला राहवेना. "नसेल जमत तर राहू दे, गाड्यांना गर्दी असते, तिकीट मिळणार नाही, मी आपलं सहज..."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ती काय बोलणार होती कुणास ठाऊक!

आठवडाभर घरी रियाझ केला, गप्प बसण्याचा. पेटी पुढ्यात, भाता भरलेला, आणि पायाच्या अंगठ्यानं मोजायचं. एकोणीस. परत एकोणीस. शेजारच्या सबनीसबाई एकदा डोकावून गेल्या आणि नंतर त्यांनी डॉक्टरांचा नंबर आणून दिला.

रविवार उजाडला. वाचनालयाचा हॉल जुना, उंच खिडक्यांचा. ऑस्करनं सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवायला लावल्या. साठ-सत्तर माणसं आली होती. मी लवकर जाऊन तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर माझा पांढरा रुमाल टाकून जागा धरली. चार वाजले. खुर्ची रिकामीच. कागद वाचायला जवळचा चष्मा लावला की समोरचं सगळं धूसर होतं मला, पण तो पांढरा ठिपका दिसत होता. नाही आली, मी मनाशी म्हटलं. बरोबरच आहे तिचं. का यावं?

सुरुवात झाली. झरीननं तो गिरणीचा सूर धरला, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला झोप आली नाही. व्हायोलिनं कुणाच्या तरी जिन्यातून हलके हलके चढत होती. मी वाजवत होतो आणि मला आमचंच घर दिसत होतं. दुपारचं, जेवणं झालेलं. नलिनी ओट्यावरचं फडकं पिळतेय आणि काहीतरी गुणगुणतेय, आणि मी पेपर वाचतोय. किती वर्षं ती तशी गुणगुणली असेल? मला आठवत होतं ते फडकं. सूर आठवत नव्हता. एवढा माझा कान, पण बायको काय गुणगुणायची ते मला सांगता येईना. तेव्हा मला तिची अशी काही आठवण आली की कागदावरची अक्षरं दिसेनाशी झाली.

मग झरीनचा गज थांबला. गिरणी बंद पडली.

एक. दोन. तीन. हॉल गप्प. चार. पाच. बाहेर एक रिक्षा गेली. सहा, सात. माझा हात जागेवर होता, शहाण्या मुलासारखा. आठ. नऊ. लोक श्वाससुद्धा जपून घेत होते. दहा. मला वाटलं, जमलं! अकरा.

मागे दाराजवळ कुणीतरी खाकरलं. दोनदा.

माझा हात निघाला. मी काढला नाही, तो निघाला. आठ-दहा सुरांची एक छान, गोलाईदार जागा वाजवून तो परत समेवर येऊन बसला. पस्तीस वर्षांचा तयार हात तो, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. झरीननं मान वळवून पाहिलं. ऑस्कर भिंतीशी उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

पुढचं आम्ही वाजवलं. कसं ते विचारू नका.

टाळ्या झाल्या. एक गृहस्थ थेट मंचापाशी आले आणि माझे हात हातात घेऊन म्हणाले, "बाकी काही फारसं कळलं नाही बघा, पण मधे तो पेटीचा तुकडा आला ना, वा! जीव आला." ऑस्कर शेजारीच उभा होता. ते गेल्यावर मी त्याच्याकडे वळलो.

"ऑस्कर, अरे, माझी मुलगी..."

"अकरा झाल्या होत्या, काका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं झालं असतं. "आठच राहिल्या होत्या."

आणि तो खुर्च्या उचलायला निघून गेला. तोंडात मारल्यासारखा मी पेटीपाशी बसून राहिलो. माणसं पांगली. झरीन जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली.

"हा तुमचा ना?"

मी चष्मा काढून वर पाहिलं. चारू. केस कापलेले, वाळलेली. हातात माझा रुमाल, घडी घातलेला.

तिनं रुमाल पेटीवर ठेवला. माझ्यासमोर मंचाच्या कडेवर बसली. आणि दोनदा खाकरली.

माझ्या जिभेवर सगळं रांगेनं उभं होतं. कधी आलीस, कुठल्या गाडीनं आलीस, जेवलीस का, एवढी का वाळलीस, मागे का बसलीस, मी जागा धरली होती ना. ओठ उघडलेसुद्धा. मग मी ते मिटले आणि पायाचा अंगठा हलवला. एक. दोन.

खाली खुर्च्या मिटल्याचे खटखट आवाज येत होते. सात. आठ. ती जमिनीकडे बघत होती. अकरा. सॉरी म्हणावं, निदान एवढं तरी म्हणावं. पंधरा. सोळा. एकोणीस झाल्या. वीस झाल्या. इथून पुढं मला कुणी काही लिहून दिलेलं नव्हतं. मी तसाच बसलो.

"बाबा," ती म्हणाली.

मी मान हलवली. तेवढीच.

"आईनं तुमच्यासाठी गाऊन ठेवलंय."

मला कळेचना. ती खाली बघतच बोलत राहिली. "तुम्ही इंदूरला गेलात त्याच दुपारी. मला म्हणाली, उठवून बसव आणि फोन धर. मला ते तुम्हाला द्यायचं होतं, त्या दिवशी दारात. तुम्ही डब्यांबद्दल बोलायला लागलात." तिनं नाक पुसलं. "मग इतका राग आला ना मला! म्हटलं, नाहीच द्यायचं. हिनं जन्मभर वाट बघितली आणि ह्यांना गाडीची घाई. दोन वर्षं मी एकटीच ऐकतेय. आजसुद्धा देणार नव्हते. ते मधेच वाजवलंत ना, तेव्हा उठून निघाले होते मी. जिन्यापर्यंत गेले होते."

मी पेटीवरच्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली.

"तिथंच बसून राहिले, आणि टाळ्या झाल्यावर दारातून बघितलं, तर तो माणूस मंचापाशी आला होता. तुम्हाला 'वा' म्हणत होता आणि तुमचं तोंड..." ती थांबली. मी थांबलो. "तुमचं तोंड बघवेना मला, बाबा."

तिनं फोन काढला आणि पेटीच्या वरच्या फळीवर ठेवला. ऑस्कर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला काय कळलं कोण जाणे. हातातली खुर्ची खाली ठेवून तो बटणांपाशी गेला आणि त्यानं हॉलचे सगळे पंखे बंद केले. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

चारूनं बोट लावलं. आधी नुसती खरखर. मग नलिनी. आवाज बारीक, थकलेला, पण तीच.

"चालू झालं का गं? मधे बोलू नकोस हं तू. मी जागा सोडीन, तिथं ह्यांची पेटी येईल."

आणि तिनं भीमपलास धरला. एक साधी जुनी चीज, हळू लयीत. पहिले दोन सूर ऐकले आणि मला ओळखू आलं. ओट्यावरचं फडकं पिळताना ती हेच गुणगुणायची. पहिली ओळ गायली, समेवर आली आणि थांबली.

माझा डावा हात भात्यावर होता, उजवा पट्ट्यांवर. जागा माझी होती. पस्तीस वर्षांत इतक्या लोकांच्या मागे बसलो, पण अशी माझ्या मापाची जागा कुणी सोडली नव्हती. काय वाजवायचं ते मला सूर न् सूर दिसत होतं. आणि हात उचलेना. भर मैफलीत मला न विचारता धावणारा तो हात तसाच पडून राहिला. फोनमधून आमच्या घरातला पंखा ऐकू येत होता, लांब कुठंतरी नळ गळत होता, आणि नलिनी वाट बघत होती. घाई नाही, काही नाही. मी जेवढं वाजवलं असतं बरोबर तेवढाच वेळ.

मग ती मनापासून म्हणाली, "वा!" आणि तिनं पुढची ओळ उचलली.

मी काहीच वाजवलं नव्हतं.